खाम नदीकाठचे दरवाजे : मध्ययुगीन औरंगाबादच्या पश्चिम वेशीचा इतिहास

सारांश

मध्ययुगीन नगररचनेत वेशीचा दरवाजा हा केवळ ये-जा करण्याचा मार्ग नव्हता. संरक्षण, जकात, राजसत्तेचे प्रदर्शन आणि नगराची दैनंदिन शिस्त या सर्व गोष्टी त्याच्याशी निगडित होत्या. असा दरवाजा नदीकाठी आणि पुलाच्या तोंडाशी असेल तर त्याचे स्वरूप अधिक गुंतागुंतीचे होते. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या शहराच्या पश्चिमेस खाम नदीच्या काठी भडकल दरवाजा, मकाई दरवाजा, महमूद दरवाजा व बारापुल्ला दरवाजा या वास्तू आहेत. 'औरंगाबादचे बावन्न दरवाजे' या एकाच शब्दप्रयोगात त्यांची गणना होत असली तरी त्यांचे काळ, हेतू आणि कार्य भिन्न आहेत. हे वेगळेपण स्पष्ट करणे आणि त्या आधारे त्यांच्या जतनाचा विचार मांडणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बीजसंज्ञा : खाम नदी, मलिक अंबर, भडकल दरवाजा, मकाई दरवाजा, महमूद दरवाजा, तटबंदी, नगररचना.

प्रस्तावना

अहिल्यानगरहून ईशान्येकडे निघालेला रस्ता घोडेगाव, नेवासे फाटा व प्रवरासंगम असे टप्पे घेत गोदावरी ओलांडतो आणि छत्रपती संभाजीनगरला पोहोचतो. आज हा दोन जिल्ह्यांना जोडणारा नित्याचा मार्ग असला, तरी सतराव्या शतकात या दोन नगरांचे नाते अधिक निकटचे होते. इ. स. १६०० मध्ये चांदबिबीच्या मृत्यूनंतर अहमदनगरचा किल्ला मुघलांच्या हाती गेला. निजामशाही मात्र तेथे संपली नाही. मलिक अंबराने ती परांडा, जुन्नर, दौलताबाद अशा ठिकाणांहून पुढे चालविली आणि अखेरीस खाम नदीकाठच्या खडकी या गावी तिला नवी राजधानी दिली. म्हणजेच अहमदनगरच्या राजसत्तेचा अखेरचा अध्याय खामच्या काठी लिहिला गेला. म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातील इतिहासाच्या अभ्यासकाला खामकाठचे दरवाजे परके वाटण्याचे कारण नाही.

या दरवाजांविषयी लिहिताना दोन अडचणी येतात. पहिली अडचण कालनिश्चितीची. सर्वसामान्य समजुतीत शहरातील प्रत्येक जुनी कमान एकतर मलिक अंबराची असते किंवा औरंगजेबाची. दुसरी अडचण दृष्टीची. तट पडला, पुलांचे रूप बदलले, नदी आटली आणि केवळ दरवाजा उरला. त्यामुळे तो स्वतंत्र स्मारकाप्रमाणे पाहिला जातो. वास्तविक तट, पूल, नदी आणि रस्ता यांच्यापासून वेगळा काढलेला दरवाजा समजू शकत नाही. या दोन्ही अडचणी ध्यानात घेऊन पुढील विवेचन केले आहे.

खाम नदी आणि नगराचे स्थान

खाम ही गोदावरीच्या खोऱ्यातील लहान नदी आहे. शहराच्या उत्तरेकडील डोंगरांत उगम पावून ती जुन्या शहराच्या पश्चिम अंगाने दक्षिणेकडे वाहते व पुढे गोदावरीस मिळते. दख्खनच्या पठारावरील इतर लहान नद्यांप्रमाणेच तिचे पाणी पावसावर अवलंबून असते. पावसाळ्यात ती फुगून वाहते आणि उन्हाळ्यात तिचे पात्र पायी ओलांडता येते. ही साधी भौगोलिक वस्तुस्थिती या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. बारमाही खोल नदी नगराला नैसर्गिक खंदकाचे संरक्षण देते. हंगामी नदी ते वर्षातील काही महिनेच देऊ शकते. म्हणून अशा नदीच्या काठी वसलेल्या नगराला दोन गोष्टींची गरज भासते. पावसाळ्यातही दळणवळण चालू राहावे म्हणून पक्का दगडी पूल हवा आणि कोरड्या ऋतूत पात्रातून शत्रू येऊ नये म्हणून काठावर तट हवा. पूल आणि तट ज्या बिंदूवर एकत्र येतात तेथे दरवाजा उभा राहतो.

नदी लहान असल्यामुळे पिण्याच्या पाण्यासाठी नगर तिच्यावर पूर्णतः विसंबून राहू शकत नव्हते. मलिक अंबराने बांधविलेल्या 'नहर-ए-अंबरी' या भूमिगत जलवाहिनीने उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे पाणी शहरात आणले गेले. नदी सीमेसाठी आणि नहर पाण्यासाठी, अशी ही कार्यविभागणी होती. पाण्याचे मोल मलिक अंबराला रणांगणावरही ठाऊक होते. १६२४ मध्ये अहमदनगरजवळच्या भातवडीच्या लढाईत त्याने तलावाचा बांध फोडून मुघल व आदिलशाही फौजांच्या छावणीची दाणादाण उडविली, ही घटना सर्वश्रुत आहे.

भडकल दरवाजा (१६१२) : विजयाची कमान

मलिक अंबर (१५४८-१६२६) हा मूळचा हबशी. गुलाम म्हणून दख्खनमध्ये आलेला हा पुरुष निजामशाहीचा पेशवा झाला. १६१० मध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला मुघलांकडून परत घेतला आणि त्याच सुमारास खडकी येथे नगराची स्थापना केली. १६११-१२ मध्ये गुजरातचा सुभेदार अब्दुल्लाखान याने नाशिकच्या बाजूने दौलताबादेकडे केलेली चढाई अंबराच्या हलक्या घोडदळाने परतवून लावली. गनिमी काव्याच्या या युद्धतंत्रात मराठा बारगीरांचा वाटा मोठा होता. या यशाच्या पार्श्वभूमीवर १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभारण्यात आला आणि मुघलांवरील विजयाचे स्मारक म्हणून तो ओळखला जातो.

या दरवाजाचे एक वैशिष्ट्य सहसा दुर्लक्षिले जाते. भडकल दरवाजा हा मुळात नगराच्या तटातील दरवाजा नाही. मलिक अंबराच्या नौखंडा महालाकडे जाणाऱ्या मार्गावरील हे भव्य प्रवेशद्वार असून त्यावर नौबत झडत असे. शहरातील दरवाजांत तो सर्वांत भव्य मानला जातो. त्याची प्रशस्त कमान व घुमटाकार छत पाहता, शत्रूला अडविण्यापेक्षा मिरवणुकीला वाट देणे आणि पाहणाऱ्यास प्रभावित करणे हा त्यामागील हेतू असल्याचे जाणवते. संरक्षणासाठी बांधलेला दरवाजा शक्य तेवढा अरुंद ठेवला जातो. भडकल दरवाजाची रचना याच्या नेमकी उलट आहे.

नव्या राजधानीला तट नसताना एवढे मोठे द्वार का उभारले जावे, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याचे उत्तर अंबराच्या युद्धनीतीत सापडते. त्याचे संरक्षण तटाच्या भिंतीत नव्हे, तर घोडदळाच्या चपळाईत आणि जवळच असलेल्या दौलताबादच्या दुर्गम किल्ल्यात होते. संकट आले की दौलताबादचा आश्रय घ्यावा आणि शत्रू माघारी फिरला की नगर पुन्हा वसवावे, असा हा क्रम होता. १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईनंतर मुघल फौजांनी खडकीची नासधूस केली आणि १६२१ मध्येही नगराची तशीच दशा झाली. दोन्ही वेळा नगर सावरले. भडकल दरवाजा हा अशा तटविरहित, परंतु आत्मविश्वास बाळगणाऱ्या राजधानीचा साक्षीदार होय.

तटाविना मोठे शहर (१६३६-१६८२)

१६२६ मध्ये मलिक अंबराचा मृत्यू झाला. त्याचा पुत्र फत्तेखान याने खडकीचे नाव 'फतेहनगर' असे ठेवले. १६३३ मध्ये दौलताबाद मुघलांनी घेतले आणि १६३६ मध्ये निजामशाहीचा शेवट झाला. दख्खनचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबाने आपल्या दुसऱ्या सुभेदारीच्या काळात, म्हणजे १६५३ मध्ये, हे शहर मुख्यालय म्हणून निवडले व त्याला 'औरंगाबाद' हे नाव मिळाले.

पुढील तीन दशकांत शहराचा विस्तार झपाट्याने झाला. मुघल सरदारांनी आपापल्या तळांभोवती 'पुरे' वसविले. मिर्झा राजा जयसिंग यांच्या नावाचा जयसिंगपुरा, बिकानेरच्या राजा करणसिंहाच्या नावाचा करणपुरा, त्याचा पुत्र पदमसिंह याच्या नावाचा पदमपुरा ही त्याची परिचित उदाहरणे होत. खामच्या पलीकडे बेगमपुरा वसला. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू हिचा १६५७ मध्ये मृत्यू झाल्यानंतर तिची कबर असलेला बीबी का मकबरा त्याच बाजूस उभा राहिला. त्यामुळे नदी ही शहराची सीमा न राहता शहराच्या दोन भागांना विभागणारी रेषा बनली. साहजिकच पुलांचे महत्त्व वाढले.

एवढ्या मोठ्या शहराला या काळात तट मात्र नव्हता. सतराव्या शतकाच्या मध्यास भारतात फिरलेला फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये आणि १६६६-६७ च्या सुमारास आलेला प्रवासी थेव्हेनो या दोघांनीही औरंगाबादला तटबंदी नसल्याची नोंद केली आहे. ही नोंद कालनिश्चितीसाठी निर्णायक ठरते. १६६६ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज आग्र्यास जाताना औरंगाबादेत थांबले होते. त्या प्रसंगाचा संबंध आज उभ्या असलेल्या तटाच्या दरवाजांशी जोडण्याचा मोह होऊ शकतो. परंतु त्या वेळी तटच नव्हता, ही बाब ध्यानात घेतली पाहिजे.

मकाई दरवाजा (१६८२) : भयातून निर्माण झालेली सीमा

तट बांधण्याची गरज अचानक निर्माण झाली आणि तिचे कारण बऱ्हाणपुरात घडले. जानेवारी १६८१ च्या अखेरीस सरसेनापती हंबीरराव मोहिते यांच्या नेतृत्वाखालील मराठी फौजांनी बऱ्हाणपूरवर छापा घातला. बऱ्हाणपूरला तट होता, परंतु बहादूरपुऱ्यासारखे श्रीमंत पुरे त्याच्या बाहेर होते. मराठ्यांनी हे पुरे लुटले. तटाच्या आतील नगर मात्र बचावले. तटाचा उपयोग काय असतो आणि तटाबाहेर असण्याची किंमत काय असते, या दोन्ही गोष्टी या एका घटनेने मुघलांना शिकविल्या. औरंगाबादची स्थिती तर बऱ्हाणपूरपेक्षा बिकट होती, कारण तेथे पुरे आणि नगर दोन्ही उघडेच होते. त्याच वर्षी औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयास आला आणि बादशहाने स्वतः दख्खनमध्ये उतरण्याचा निर्णय घेतला. मार्च १६८२ मध्ये तो औरंगाबादेत दाखल झाला. मराठ्यांच्या अकस्मात हल्ल्यांपासून बचाव व्हावा म्हणून शहराभोवती तट बांधण्यात आला तो याच वर्षी.

या तटाला चार प्रमुख दरवाजे होते. उत्तरेस दिल्ली दरवाजा, पूर्वेस जालना दरवाजा, दक्षिणेस पैठण दरवाजा आणि पश्चिमेस मकाई म्हणजेच मक्का दरवाजा. याशिवाय रोशन, जाफर, खास, काला, बारापुल्ला असे इतर दरवाजे होते. नावांची ही पद्धत विचार करण्याजोगी आहे. दिल्ली, जालना आणि पैठण ही त्या त्या दिशेच्या रस्त्यांवरील ठिकाणे आहेत. मक्का मात्र या रस्त्याचा पुढचा मुक्काम नव्हे. भारतात किब्ल्याची, म्हणजे नमाजाच्या वेळी तोंड करावयाची, दिशा पश्चिम असल्यामुळे पश्चिमेच्या दरवाजाला हे नाव मिळाले. त्याला व्यावहारिक अर्थही होता. मुघल काळात हज यात्रेकरूंची जहाजे सुरतेहून सुटत आणि म्हणूनच सुरत बंदराला 'मक्केचे द्वार' म्हटले जाई. सुरतही औरंगाबादच्या पश्चिमेसच होय. लोकभाषेत 'मक्काई'चे 'मकाई' झाले आणि मूळ अर्थ विस्मरणात गेला.

वास्तूचा विचार करता मकाई दरवाजा हा भडकलपेक्षा सर्वस्वी भिन्न आहे. त्याच्या दोन्ही अंगांस भक्कम बुरूज असून माथ्यावर चर्यांची रांग आहे. समोर खामवरील दगडी पूल आहे. या पुलाचे आणि दरवाजाचे कार्य परस्परपूरक आहे. पुलावरून येणाऱ्या जमावाची रुंदी पुलाच्या रुंदीएवढीच राहते. त्याला पांगता येत नाही आणि माघार घ्यावयाची तरी त्याच अरुंद वाटेने घ्यावी लागते. दरवाजावरील पहारेकऱ्याला चर्यांच्या आडून पुलाची संपूर्ण लांबी माऱ्यात ठेवता येते. खंदकावरील काढता पूल इतर किल्ल्यांत जे काम करतो, तेच काम येथे नदी, पूल आणि बुरूज मिळून करतात. कोरड्या ऋतूत शत्रू पात्रात उतरला, तरी त्याला उंच काठ चढून तटाला भिडावे लागे.

शांततेच्या काळात या दरवाजाचे काम वेगळे असे. सूर्योदयास दरवाजे उघडणे, दिवेलागणीनंतर बंद करणे, रात्री येणाऱ्यास दिंडी दरवाजातून चौकशी करूनच आत घेणे, मालावर जकात वसूल करणे ही मध्ययुगीन वेशीची सर्वसाधारण शिस्त होती. देवड्यांतील शिपाई हा नगराशी परक्याचा पहिला संबंध असे. मकाई दरवाजाला याशिवाय एक विशेष महत्त्व होते. १६९२ मध्ये बांधलेला किल्ला-ए-अर्क, म्हणजे बादशाही निवासाचा बालेकिल्ला, मकाई दरवाजा आणि दिल्ली दरवाजा यांच्या मधल्या बहुतेक जागेत पसरला होता. म्हणजे हा दरवाजा शहराच्या कडेला असला, तरी सत्तेच्या केंद्रालगत होता. बादशाही निवासातून मकबऱ्याकडे व बेगमपुऱ्याकडे जाण्याची वाटही येथूनच होती.

महमूद दरवाजा : पाणी, तकिया आणि दान

मकाई दरवाजाच्या जवळच खामच्या काठी पाणचक्की हे प्रसिद्ध स्थळ आहे. मध्य आशियातून आलेले नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांचा तकिया येथे होता. त्यांच्या पश्चात त्या तकियाची धुरा शाह महमूद यांनी वाहिली. अठराव्या शतकात जमील बेग खान ऊर्फ तुर्कताज खान याच्या आश्रयाने हौद, कारंजी व पाणचक्की यांचे काम झाले. पाणचक्कीसाठी १७४४ हे वर्ष दिले जाते. उत्तरेकडून मातीच्या नळांनी आणलेले पाणी उंच भिंतीवर चढवून तेथून खाली सोडले जाई आणि त्याच्या जोराने जाते फिरे. यात्रेकरू, फकीर व अनाथ यांच्यासाठी येथे धान्य दळले जात असे.

या संकुलाच्या तोंडाशी, पुलालगत असलेला दरवाजा 'महमूद दरवाजा' या नावाने ओळखला जातो. तकियाच्या प्रमुखाचे नाव आणि दरवाजाचे नाव यांतील साम्य लक्षणीय आहे. भडकल दरवाजामागे विजयाची प्रेरणा आहे आणि मकाई दरवाजामागे भयाची. महमूद दरवाजाचा संबंध मात्र धर्मसंस्था, जलव्यवस्था आणि अन्नदान यांच्याशी येतो. त्याच्या वाटेने फौजांपेक्षा यात्रेकरू आणि धान्याच्या गोण्या अधिक गेल्या असतील, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. खामच्या काठी शे-सव्वाशे वर्षांच्या अंतरात झालेले हे परिवर्तन नगराच्या बदलत्या स्वभावाचे निदर्शक आहे.

दक्षिणेकडील बारापुल्ला दरवाजाच्या नावातच पूल आहे. दरवाजा आणि पूल यांना लोकांनी एकच वास्तू मानले होते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

ऱ्हास आणि पुनरागमन

आसफजाही घराण्याची राजधानी १७६३ मध्ये निजाम अलीखानाच्या काळात औरंगाबादहून हैदराबादला गेली. राजधानीबरोबर सरदार, कारागीर आणि पैसाही गेला. तटाची डागडुजी करण्याचे कारण उरले नाही. दूर पल्ल्याच्या तोफांच्या युगात त्याचे लष्करी मूल्यही संपले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तट हा संरक्षणाचा नव्हे, तर शहराची हद्द दाखविण्याचा एक अवशेष झाला होता. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे सुरू झाली आणि स्थानक शहराच्या दक्षिणेस आले. शहराचा ओढा दक्षिणेकडे वळला आणि पश्चिमेच्या वेशी काहीशा मागे पडल्या.

या दरवाजांचे दिवस पालटले ते शिक्षणामुळे. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. विद्यापीठाचा परिसर शहराच्या वायव्येस, खामच्या पलीकडे आहे. परिणामी विद्यार्थी, प्राध्यापक, कर्मचारी, बेगमपुऱ्याचे रहिवासी आणि मकबरा व लेणी पाहण्यास येणारे पर्यटक या सर्वांची वाहतूक मकाई, महमूद व बारापुल्ला या तीन दरवाजांतून आणि त्यांच्यालगतच्या पुलांवरून होऊ लागली. पालखी, घोडे आणि बैलगाड्या यांच्यासाठी योजलेल्या कमानीखालून बस, मालमोटारी व रिक्षा जाऊ लागल्या. शत्रूला अडवावे म्हणून मुद्दाम अरुंद ठेवलेली वाट आता नागरिकांना अडवू लागली. अवजड वाहनांच्या धडकांनी महमूद दरवाजाला हानी पोहोचली व त्याच्या दुरुस्तीची वेळ आली. चार प्रमुख दरवाजांपैकी जालना दरवाजा तर आज अस्तित्वातच नाही. अलीकडच्या काळात स्मार्ट सिटी योजनेतून काही दरवाजांची डागडुजी झाली असून खाम नदीच्या स्वच्छतेचे व पुनरुज्जीवनाचे कामही हाती घेण्यात आले आहे.

जतनाचा प्रश्न

दरवाजा पाडून रस्ता रुंद करावा की वाहतूक वळवून दरवाजा राखावा, असा प्रश्न नेहमी दोनच पर्यायांत मांडला जातो. उपरोक्त विवेचनाच्या आधारे तो वेगळ्या रीतीने मांडता येईल. नदीकाठचा दरवाजा ही एकटी वास्तू नाही. ती दरवाजा, पूल, पात्र आणि रस्ता या चार घटकांची रचना आहे. दरवाजाला बगल देऊन शेजारून रस्ता काढला आणि जुना पूल मात्र अवजड वाहतुकीखाली ठेवला, तर जतन अर्धवट राहते. दरवाजा रंगवून त्यावर प्रकाशझोत टाकले आणि खालून नाल्याचे पाणी वाहत राहिले, तर दरवाजा नदीवर का उभा आहे हेच पाहणाऱ्याला उमगत नाही. म्हणून समांतर पूल बांधून जुना पूल पादचाऱ्यांसाठी राखणे, दरवाजालगतच्या तटाचे उरलेले भाग दरवाजाइतकेच महत्त्वाचे मानणे आणि नदीच्या पुनरुज्जीवनाचा आराखडा व वारसा जतनाचा आराखडा एकत्र आखणे, या तीन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या करता येत नाहीत. तसे करताना परिसरातील रहिवाशांच्या दळणवळणाची सोय प्रथम पाहिली पाहिजे. ज्या वारशामुळे रोजच्या जगण्यात अडथळा येतो, त्याविषयी आस्था वाटावी अशी अपेक्षा नागरिकांकडून करणे न्याय्य नाही.

दुसरा मुद्दा अध्यापनाचा आहे. महाविद्यालयीन इतिहासाच्या अभ्यासक्रमात घराणी, लढाया आणि तह यांना पुरेसा वाव असतो. नगराच्या इतिहासाला तुलनेने कमी. वेशीचा दरवाजा हे या दृष्टीने अत्यंत सोयीचे अध्ययनसाधन आहे. भूगोलाचा विद्यार्थी नदीच्या हंगामी स्वरूपाचा, अर्थशास्त्राचा विद्यार्थी जकातीचा, भाषेचा विद्यार्थी 'मकाई' व 'बारापुल्ला' या नावांचा आणि इतिहासाचा विद्यार्थी कालनिश्चितीचा अभ्यास एकाच वास्तूच्या साहाय्याने करू शकतो. अहिल्यानगर शहरातील दिल्ली दरवाजा आणि माळीवाडा वेस यांच्याशी तुलना करून हा अभ्यास स्थानिक पातळीवरही करता येईल. सीना नदीकाठच्या त्या नगरालाही तट आणि वेशी होत्या आणि तेथेही तट जाऊन वेशी उरल्या आहेत.

समारोप

खाम नदीकाठच्या दरवाजांच्या अभ्यासातून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, भडकल दरवाजा (१६१२) हा तटाच्या सुमारे सत्तर वर्षे आधीचा असून तो संरक्षणाचा नव्हे, तर विजयाचा व राजवाड्याच्या वैभवाचा निदर्शक आहे. दुसरी, मकाई दरवाजा हा १६८२ च्या तटबंदीचा भाग असून १६८१ मधील बऱ्हाणपूरच्या घटनेच्या आणि मराठ्यांच्या वाढत्या सामर्थ्याच्या संदर्भातच तो समजून घेता येतो. एका बलाढ्य साम्राज्याला आपल्या दख्खनच्या मुख्य शहराभोवती भिंत उभारावी लागली, ही गोष्ट मराठ्यांच्या इतिहासाच्या दृष्टीनेही अर्थपूर्ण आहे. तिसरी, महमूद दरवाजाचा संदर्भ धार्मिक व जलव्यवस्थापनाच्या परंपरेशी जोडलेला आहे. चौथी, या तिन्ही वास्तूंचा अर्थ नदी आणि पुलाच्या संदर्भाशिवाय लागत नाही.

बावन्न ही संख्या बोलण्यात शोभते, परंतु इतिहासाला प्रत्येक दरवाजाचे वर्ष, बांधणारा आणि कारण हवे असते. 'बावन्न दरवाजांचे शहर' या अभिमानाला अशा तपशिलाची जोड मिळाली, तर एखादा दरवाजा नाहीसा झाल्यावर संख्येतून एक वजा झाला इतकेच जाणवणार नाही. त्याबरोबर इतिहासातील नेमके कोणते प्रकरण गेले हेही कळेल. जतनाची खरी सुरुवात या जाणिवेपासून होते.